घोडा नसलेलं

निपाणीहून सकाळच्या बसनं बेळगावात आलो.
आमच्याकडं बायकाही ‘आलो’च म्हणतात,
त्यामुळं दुकानातला पोरगा कशाला हसला, ठाऊक नाही.
हसला, आणि माझ्या खांद्यावरनं मागं बघितलं त्यानं:
पिस्तूल घेणारे साहेब कुठायत?

मागं कल्लाप्पा मुतगेकर होता,
आमच्या पंपावरचा वॉचमन,
सतरा वर्षं पलटणीत, उजवा कान गेलेला.
‘लायसन बाईंच्या नावावर हाय मर्दा. काढ की.’

लायसनवर माझं नाव कानडीत.
बोलायला येतं फाडफाड, वाचायला नाही,
पण त्या चार अक्षरांचा आकार पाठ आहे मला,
उंबऱ्यावरच्या रांगोळीसारखा.

काचेवर हिरवं फडकं. फडक्यावर तीन.

मामंजींच्या जुन्याला मागं घोडा होता.
रात्री हिशेबाच्या वहीशेजारी ठेवायचे,
अंगठ्यानं ओढला की दोनदा बोलायचा, कट्, कट्,
आणि माजघरात आमची बोलणी थांबायची.
घोडा बसलाय की उभा आहे,
लांबनं बघूनही कळायचं कुणालाही.

हे तिसरं मात्र पाठीला सपाट.
घोडा नाही. बाजूला खटका नाही.
चापाच्या पोटात एक बारीक जीभ,
ती दाबल्याशिवाय चाप हलायचा नाही.
‘सगळं आत आहे, मॅडम,’ पोरगा म्हणाला.
‘स्लाईड ओढली की स्प्रिंग अर्धी ताणून बसते.
उरलेली अर्धी तुमचं बोट ताणतं.’

कल्लाप्पानं ते हातात घेतलं,
नासका आंबा धरावा तसं.
‘बैल मारणार हाय का न्हाई
ते शिंगावरनं कळतंय बाई.
ह्याला शिंगंच न्हाईत.’

मी गप्प.
अर्धं ताणून बसणं मला नवीन नव्हतं.
हे गेले त्या वर्षी पंपाच्या पाटीला काळं फासलं,
आधी एका बाजूच्यांनी, मग दुसऱ्या.
मी थिनर आणून दोन्ही वेळा पुसली,
आणि सकाळी सहाला नोझल उचललं.
चेहरा सपाट. गिऱ्हाईक म्हणालं,
बाईंना कायच वाटत नाही.

डब्यात मुठीला लावायच्या तीन पाठी होत्या.
सगळ्यात लहान बसली, तरी करंगळी खाली लोंबतच राहिली.
स्लाईड दोनदा हातातनं निसटली.
‘ओढू नका,’ कल्लाप्पा म्हणाला,
‘डावा हात धरून ठेवा, उजवा ढकला. दार लोटल्यागत.’
दार लोटलं. उघडलं.

रेंजवर दहा गोळ्या.
आठ डावीकडं खाली, मातीत.
‘चाप दाबायलाय का भांडायलाय त्याच्याशी?’
नववी कागदाच्या कडेला. दहावी
कुठं गेली ते अजून कळलं नाही.
तरी हेच घेतलं.
का, ते कल्लाप्पानं परतीच्या बसमध्ये संकेश्वरपर्यंत विचारलं,
मग त्याला झोप लागली.

घरात अकरा दिवस राहिलं.
बाराव्या दिवशी निवडणूक लागली,
हत्यारं जमा करा म्हणून ठाण्यातनं फोन.

ठाण्यात नवा पोरसवदा हवालदार, धारवाडकडचा.
उलटंसुलटं करून बघितलं, नंबर उतरवला,
पाठीवरनं बोट फिरवलं.
‘कुदरी एल्लैती री?’
कानडीतही त्याला घोडाच म्हणतात.

‘ओळगैती,’ म्हणालो.
आत आहे.

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं,
पहिल्यांदाच नीट.
मग पावतीवर माझं नाव लिहिलं, चार अक्षरं,
तिसऱ्याला एक वेलांटी जास्त.
बोट ठेवून दाखवली. खोडली त्यानं.

बाहेर कल्लाप्पा मोटरसायकल चालू ठेवून उभा.
टँकर आलाय म्हणाला, दहा मिनिटं झाली.